केविन गार्वीचं हॉटेल: जगबुडीनंतरच्या मालिकेत स्वप्नाचा भाग कसा उभा राहतो

टीव्ही मालिकेतला स्वप्नाचा भाग हा उधारीचा मामला असतो. तासभर प्रेक्षकाला अशा जागी फिरवायचं, जिथे घडलेलं काहीच खरं धरलं जाणार नाही, आणि तरी त्याने जीव मुठीत धरून बघावं अशी अपेक्षा ठेवायची. ही उधारी जागेपणी फेडली नाही, तर प्रेक्षक चिडतो आणि त्याचं चिडणं रास्तच असतं. सगळ्यात बदनाम उदाहरण 'डॅलस' या अमेरिकी मालिकेचं. तिच्यात बॉबी यूइंग हे पात्र १९८५ साली मारलं गेलं. पुढे नट परत यायला तयार झाला. मग १९८६ च्या मे महिन्यात बॉबी शॉवरखाली धडधाकट उभा दिसला आणि पुढच्या सीझनला कळलं, की मधलं अख्खं वर्ष म्हणजे त्याची पूर्वीची बायको पॅम हिला पडलेलं स्वप्न होतं. वर्षभराची भांडणं, कारस्थानं, मरणं सगळी पुसली, पाटी कोरी. त्या एका शॉवरमुळे पुढच्या पटकथालेखकांना कायमची धास्ती बसली.

तरीही जगबुडीनंतरचं जग दाखवणाऱ्या मालिकांना स्वप्नाचा मोह आवरत नाही. त्याला कारणंही आहेत. या मालिकांत माणसं पटापट मरतात आणि मेलेल्या लाडक्या पात्राला परत आणायचं तर स्वप्न किंवा ग्लानी हाच सरळ रस्ता. दुसरं कारण जास्त रंजक आहे. जिथे जागेपणीचं जगच भयाण आहे, तिथे स्वप्न भयाण असून उपयोग नसतो. तिथे स्वप्नात साधंसुधं काहीतरी असावं लागतं: चालू लिफ्ट, इस्त्रीचा कोट, काउंटरमागे हसून बोलणारा माणूस. नेहमीच्या नाटकात स्वप्न म्हणजे विचित्र गोष्टींची जत्रा. इथे उलटं, जे सुरळीत चाललंय तेच अंगावर येतं.

हे सगळं ज्या एका भागात नीट जुळून आलं, तो म्हणजे 'द लेफ्टओव्हर्स' या मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा आठवा भाग, 'इंटरनॅशनल ॲसॅसिन'. एचबीओवर तो २२ नोव्हेंबर २०१५ रोजी दाखवला गेला. दिग्दर्शन क्रेग झोबेल यांचं, लेखन डेमन लिंडेलॉफ आणि निक क्यूज यांचं. तो कसा बांधलाय हे शेवट सांगितल्याशिवाय समजावता येत नाही. ज्यांना मालिका कोरीच बघायची आहे, त्यांनी आधी ती बघून यावं हे बरं.

आधी पार्श्वभूमी, जेवढी लागते तेवढीच. १४ ऑक्टोबर २०११ रोजी जगातली २ टक्के माणसं, म्हणजे सुमारे १४ कोटी, एका क्षणात नाहीशी होतात. स्फोट नाही, रोग नाही, प्रेतं नाहीत. वीज चालू, दुकानं चालू, कचऱ्याची गाडीही येते. म्हणजे रूढ अर्थाने हा प्रलय नव्हेच. इमारती शाबूत आहेत. कोसळलाय तो उद्यावरचा भरवसा. केविन गार्वी (जस्टिन थरू) हा न्यूयॉर्क राज्यातल्या मेपलटन गावचा पोलिसप्रमुख. गावात 'गिल्टी रेम्नंट' नावाचा पंथ फोफावलेला: पांढरे कपडे, तोंडाला कुलूप, हातात सतत सिगारेट आणि लोकांना झालेलं विसरू द्यायचं नाही हा एकच उद्योग. केविनची बायको लॉरी याच पंथात गेलेली. गावच्या शाखेची म्होरकी पॅटी लेव्हिन (ॲन डाउड). पहिल्या सीझनच्या आठव्या भागात, 'कायरो'मध्ये, केविनला शुद्धीवर आल्यावर कळतं, की झोपेत चालताना आपण पॅटीला पळवून जंगलातल्या झोपडीत आणून बांधलंय. तो तिला मारायला नकार देतो. ती काचेच्या तुकड्याने स्वतःचा गळा चिरते. दुसऱ्या सीझनमध्ये केविन टेक्सासमधल्या जार्डन गावी राहायला जातो. या गावातला एकही माणूस नाहीसा झाला नव्हता, म्हणून त्याला सगळे 'मिरॅकल' म्हणतात. आणि तिथे मेलेली पॅटी चोवीस तास त्याच्या कानाशी बडबडत असते. ती फक्त त्यालाच दिसते. नवी जोडीदार नोरा याच कारणाने घर सोडून जाते.

सातव्या भागात शेजारच्या मर्फी कुटुंबातला म्हातारा व्हर्जिल केविनला उपाय सांगतो. विष पी, मर, पलीकडे जाऊन तिच्याशी लढ. मी इंजेक्शन देऊन तुला परत आणतो. केविन विष पितो. व्हर्जिल इंजेक्शन देत नाही. तो स्वतःवर गोळी झाडतो. भाग संपतो. आठवा सुरू होतो तेव्हा प्रेक्षकाच्या हातात तीन गोष्टी पक्क्या असतात: केविन कशासाठी गेलाय, त्याला परत आणणारं कोणी उरलेलं नाही, आणि तो परत आला नाही तर काय काय बुडतं. ही पूर्वतयारी सातव्या भागातच उरकली, म्हणून आठव्याला पहिल्या मिनिटापासून धावता येतं. स्वप्नाचे बहुतेक भाग इथेच गाळात जातात. स्वप्नात शिरल्यावर मग ते कशासाठी आहे याचा शोध सुरू होतो आणि तोवर अर्धा वेळ संपलेला असतो.

आता हॉटेल. केविन पाण्याने भरलेल्या टबातून धापा टाकत बाहेर येतो, अंगावर कपडा नाही. खोली चांगल्या हॉटेलातली. कपाट उघडतो तर आत निरनिराळे पोशाख टांगलेले, त्यात पोलिसाचा गणवेशही. सोबत एक वाक्य लिहिलेलं: आधी तू कोण आहेस ते जाण, मग त्याप्रमाणे वेष कर. हे वचन एपिक्टेटसचं, म्हणजे गुलामीत जन्मलेल्या त्या ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञाचं. केविन गणवेश सोडून काळा सूट उचलतो. कपडे चढवून होतात न होतात, तोच फुलं घेऊन आलेला माणूस त्याच्यावर तुटून पडतो. केविन त्याला मारतो आणि त्याला उमगतं, की या जागेत आपण पेशाने मारेकरी आहोत. नाव केविन हार्वी. एका अक्षराचा फरक.

या सुरुवातीत संवाद जवळजवळ नाहीत, तरी तिने तीन कामं उरकलीत. जागेचा नियम सांगितला (पोशाख निवडला की भूमिका ठरली), धोका खरा आहे हे दाखवलं (इथे लागतं, रक्त येतं), आणि केविनचं पाप पुढे ठेवलं: इतके पर्याय असताना पोलीस नको, खुनी चालेल. 'तुला स्वप्न पडतंय' असं कोणीही म्हणत नाही. धुराचे लोट नाहीत, कडा पुसट केलेल्या नाहीत, घुमणारे आवाज नाहीत. उजेड साधा, सगळं स्वच्छ दिसतं. धूसर चित्र म्हणजे 'हे मनावर घेऊ नका' अशी पाटीच. ती लावली की ताण गेला. इथल्या पार्श्वसंगीतात व्हर्डीच्या 'नाबुको' या ऑपेराचं गुलामांचं समूहगान आहे. मिलानला १८४२ साली पहिल्यांदा सादर झालेल्या या ऑपेरात बॅबिलोनमध्ये कैदेत पडलेले ज्यू आपल्या मायदेशाच्या आठवणीने ते गातात. घरच्या ओढीचं हे गाणं वाजत असताना पडद्यावर एक माणूस ज्या हॉटेलातून घरी जायची वाट सापडत नाही, तिथे सूट घालून फिरतोय. कोणी समजावून सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही.

खाली लॉबीत काउंटरमागे व्हर्जिल उभा. नाव योगायोगाने पडलेलं नाही. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यात त्याला नरकातून फिरवून आणणारा वाटाड्या व्हर्जिलच. तो दोन गोष्टी सांगतो. पहिली, काम: पॅटी इथे सिनेटर आहे, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार आहे, वर बंदोबस्तात बसलीय, तिला संपव. दुसरी, बंदी: इथलं पाणी पिऊ नकोस. ग्रीक पुराणात पाताळातल्या लेथी नदीचं पाणी प्यालं की मागचं सगळं विसरायला होतं, त्याच घराण्यातली ही बंदी. आता भागभर कुठेही पाण्याचा पेला दिसला की पोटात खड्डा पडतो. एका पेल्याच्या खर्चात मिळालेला हा ताण आहे.

नियम किती असावेत? तीनच्या वर गेले की प्रेक्षक नियम लक्षात ठेवण्यात गुंततो आणि पात्र निसटतं. इथे नेमके तीन आहेत: वेष म्हणजे ओळख, पाणी वर्ज्य, आणि काम पुरं झाल्याशिवाय सुटका नाही. लिहिणाऱ्याने हे तीन एका कागदावर काढून पटकथेवर आणि सेटवर सातत्य सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती द्यावेत. स्वप्नात काहीही चालतं या समजुतीने सगळ्यात जास्त ढिलाई इथेच होते. वास्तवाच्या प्रसंगात घड्याळाचे काटे चुकले तर प्रेक्षक हसून सोडून देतो. स्वप्नात चुकले तर त्याला तो संकेत वाटतो आणि तो भलत्याच अर्थाच्या मागे लागतो.

दुसरा कागद याहून महत्त्वाचा. त्यात तीन रकाने: स्वप्नातली वस्तू, तिचं जागेपणीचं मूळ, आणि ते मूळ आधी कोणत्या भागात पेरलंय. 'इंटरनॅशनल ॲसॅसिन'चा असा कागद भरून बघितला तर तो जवळजवळ पूर्ण भरतो. पाणी: सीझनच्या सुरुवातीलाच केविन झोपेत तळ्यावर जाऊन पायाला सिमेंटचा ठोकळा बांधून घेतो, भूकंपाने तळं आटतं आणि तो कोरड्या तळाशी जागा होतो. म्हणजे बुडायचा डाव आधीच एकदा फसलाय. पक्षी: हॉटेलच्या लॉबीत एक पाखरू अडकून गोंधळ घालतं, शेजारची एरिका रानात डब्यात पक्षी पुरून ठेवते आणि काही दिवसांनी तो जिवंत निघाला तर इच्छा पुरी होते असं मानते, हे पहिल्या भागात दाखवलेलं आणि सहाव्यात उलगडलेलं. पूल: जार्डनमध्ये शिरायचा रस्ता पुलावरूनच आहे. मरून जमिनीखाली जाऊन परत येण्याची अख्खी गोष्ट एरिकाच्या त्या डब्यात आधीच सांगून झालेली आहे. फक्त तेव्हा आपण तिला एका बाईचा भाबडेपणा समजलो होतो. रकाना रिकामा राहिला, तर ती वस्तू नुसती सजावट. एखाद-दुसरी सजावट खपते, पाच झाल्या की भाग कवितेच्या स्पर्धेला पाठवल्यासारखा वाटतो.

मात्र उलटी चूकही होते. प्रत्येक वस्तूचा एकच अर्थ लावून द्यायचा: पक्षी म्हणजे आत्मा, विहीर म्हणजे अपराध, संपलं. त्या लॉबीतल्या पाखराला कोणी आत्मा म्हणत नाही. हॉटेलच्या माणसांसाठी ती कटकट आहे, आणि म्हणूनच ते पाखरू वाटतं.

मधला टप्पा बांधणीच्या दृष्टीने शिकण्यासारखा आहे. केविन मोठा देणगीदार म्हणून पॅटीची भेट मिळवतो, न्हाणीघरात लपवलेलं पिस्तूल काढतो आणि तिला गोळी घालतो. काम फत्ते. पण तो सुटत नाही. हा खोटा शेवट मुद्दाम पेरलेला. सोपं काम पार पडल्यावरच खऱ्या कामाची किंमत कळते: हॉटेलात एक लहान मुलगी आहे, तीही पॅटीच. तिला जार्डनच्या विहिरीपर्यंत न्यायचं आणि आत ढकलायचं. सूट घालून मारेकऱ्याचा रुबाब करणाऱ्याला आता पोरीचं बोट धरून चालावं लागतं. भागाची चाल इथे बदलते. इथपर्यंत सगळं हेरकथेच्या ढंगात, चटपटीत, मधूनच हसवणारं. इथून पुढे हसू आटतं.

विहिरीचा प्रसंग सावकाश बघण्यासारखा आहे. केविन मुलीला ढकलतो. आतून आवाज येतो, तो मोठ्या पॅटीचा. ती मेलेली नाही. ती खाली पाण्यात पडलीय. केविन खाली उतरतो. आणि ती तिथे कोणता शाप देत नाही, कोडं घालत नाही. टीव्हीवरच्या 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेत आपण एकेकाळी भाग घेतला होता त्याची हकिकत सांगते. नवऱ्याला सोडून जायचं, त्यासाठी पैसे हवेत, म्हणून ती स्पर्धेत उतरली. जिंकली. पैसे हातात आले. आणि तरी ती गेली नाही. दोन सीझन जिने छळलं, तिचं दुखणं ऐकून घेतल्याशिवाय केविनला तिला मारता येत नाही, आणि ऐकल्यावर मारणं अशक्यप्राय होतं. तो रडत रडत तिला पाण्यात दाबून धरतो. खुनाचं काम मायेच्या कामात बदलतं आणि तरी खूनच राहतं. ॲन डाउड यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो. त्या थांबण्यावर सगळा भाग उभा आहे. विहीर, अंधार, पाणी हे सगळं कोणालाही सुचलं असतं. 'जेपर्डी' सुचणं अवघड होतं.

मग जमीन हादरते आणि केविन मातीतून हात काढत वर येतो. व्हर्जिलचा नातू मायकेलने त्याचं प्रेत पुरलेलं असतं. तो समोर उभा, तोंडातून शिवी निघते. साक्षीदार असणं फार महत्त्वाचं आहे. केविन एकटाच पलंगावर दचकून जागा झाला असता, तर सगळं त्याच्या डोक्यात राहिलं असतं. मायकेलने बघितलंय म्हणून ते गावाचं झालं.

उधारी कशी फिटते ते आता बघा. पॅटीची रोजची बडबड बंद होते, हा लगेचचा परतावा. लांबचा परतावा तिसऱ्या सीझनमध्ये: मॅट जेमिसन हा पाद्री, मायकेलचे वडील जॉन मर्फी आणि मायकेल मिळून केविनच्या मरून परतण्यावर चक्क एक पोथी लिहायला घेतात, आणि ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही त्या माणसाला लोक तारणहार करायला निघतात. एका रात्रीचं स्वप्न पुढे सीझनभर त्याच्या मानगुटीवर बसतं. आपल्याकडे हा नियम जुनाच. विश्वामित्राला स्वप्नात दिलेलं राज्य हरिश्चंद्र जागेपणी देऊन टाकतो आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते, डोंबाच्या घरी पाणी भरण्यापर्यंत. ते दान स्वप्नातच राहिलं असतं, तर सांगण्यासारखं काय उरलं असतं?

एक प्रश्न हमखास येतो: हे स्वप्न होतं, विषाने आलेला भ्रम होता, की खरोखर परलोक? मालिका उत्तर देत नाही आणि दोन्ही बाजूंना पुरावा ठेवते. भ्रमाच्या बाजूने: तिथली महत्त्वाची माणसं केविनच्याच आयुष्यातली, जागाही त्याच्याच आठवणींच्या. परलोकाच्या बाजूने: केविनचे वडील, जे तेव्हा ऑस्ट्रेलियात आहेत, हॉटेलच्या टीव्हीच्या पडद्यातून त्याच्याशी बोलतात, आणि विष पिऊन पुरलेला माणूस उठून उभा राहतो, ते तर डोळ्यांसमोर घडतं.

झोपेच्या शास्त्राने बघितलं तर ते स्वप्न ठरणं कठीण. १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला तो टप्पा नोंदवला ज्यात बंद पापण्यांमागे बुबुळं झरझर फिरतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. रात्रभरात साधारण ९० मिनिटांच्या चक्रांनी तो येत राहतो, पहाटेकडे लांबत जातो, मोठ्या माणसाच्या झोपेचा जवळपास पाव हिस्सा व्यापतो. त्या वेळी हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी पलंगावरून उठत नाही. तर्क तपासणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावलेला असतो, म्हणून अचाट गोष्टीही तिथल्या तिथे पटतात. झोपेत चालणं मात्र या टप्प्यात होत नाही. ते होतं गाढ झोपेत, बहुधा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि सकाळी त्यातलं फारसं आठवत नाही. केविनचं झोपेत चालणं आणि हॉटेल या म्हणूनच दोन वेगळ्या चिजा आहेत, आणि मालिकेने त्या वेगळ्याच ठेवल्यात: चालताना केलेलं त्याला आठवत नाही, हॉटेलातलं सगळं आठवतं. शिवाय विष पिऊन शरीर थांबलेलं असताना झोपेचे टप्पे वगैरे बोलण्यात अर्थच नाही. तरी पटकथेने स्वप्नाच्या मेंदूतून एक गोष्ट अचूक उचललीय. केविन 'हे हॉटेल कुठून आलं' यावर फार वेळ घालवत नाही. जागा तो मान्य करतो, काम मान्य करायला झगडतो. उलट केलं असतं, म्हणजे पात्र तासभर 'मी कुठे आहे' विचारत राहिलं असतं, तर कंटाळा ठरलेला.

बांधणीची दुसरी पद्धत 'द वॉकिंग डेड' या चालत्या मुडद्यांच्या मालिकेत दिसते. तिथे स्वप्न सलग नसतं. जखमी शरीर आणि ग्लानी आलटून पालटून येतात. नवव्या सीझनचा पाचवा भाग, 'व्हॉट कम्स आफ्टर', ४ नोव्हेंबर २०१८ चा. मालिकेचा नायक रिक ग्राइम्स घोड्यावरून पडून लोखंडी सळीवर रुतलेला. सळीतून स्वतःला सोडवून, रक्त गाळत, तो मुडद्यांच्या झुंडीला आपल्या मागे ओढत पुलाकडे नेतो. शुद्ध हरपते तेव्हा तीन मेलेली माणसं भेटतात: पोलिसगाडीत शेन, शेतावरच्या कोठारापाशी हर्शेल, आणि प्रेतांनी भरलेल्या माळावर साशा. प्रत्येक भेटीनंतर 'जागा हो' आणि परत घोडा, परत झुंड. फायदा उघड: जागेपणीचं घड्याळ टिकटिकत राहतं, ताण आपोआप मिळतो. तोटाही उघड: स्वप्नाला स्वतःचा डाव राहत नाही. तिघांची वेळ सारखी, तिघांचं सांगणंही साधारण सारखं. मधली भेट काढली तर काही अडत नाही. शेनचा प्रसंग त्यातल्या त्यात जिवंत, कारण तो उपदेश करत नाही, टोचतो. हर्शेलचा प्रसंग मात्र कारागिरीच्या पलीकडे गेला. ते काम करणारे स्कॉट विल्सन भाग दाखवला जाण्याच्या महिनाभर आधी, ६ ऑक्टोबरला वारले होते.

याच मालिकेने हे काम आधी जास्त चांगलं केलं होतं. पाचव्या सीझनचा नववा भाग, ८ फेब्रुवारी २०१५ चा. टायरीस या पात्राच्या हाताला मुडद्याचा चावा बसलाय, विष चढतंय आणि मेलेली माणसं खोलीत येऊन त्याच्याशी हुज्जत घालतात. काही म्हणतात तू दया दाखवलीस ते बरोबर, काही म्हणतात त्या दयेनेच माणसं मेली. एकाच आरोपावर दोन्ही बाजूंनी वाद, आणि निकाल टायरीसने द्यायचा. पाहुणे जास्त असूनही तो भाग गर्दीचा वाटत नाही, कारण सगळे एकाच खटल्याला आलेत.

रिकच्या भागाची खरी चूक पडद्याबाहेर झाली. वाहिनीने हे रिकचे शेवटचे भाग म्हणून महिनोन्‌महिने जाहिरात केली. भागात तो पूल उडवतो, सगळे तो मेला असं समजतात, आणि शेवटच्या काही मिनिटांत हेलिकॉप्टर येऊन त्याला जिवंत घेऊन जातं. त्याच रात्री त्याच्यावर चित्रपट येणार असल्याची घोषणा झाली. ते चित्रपट आलेच नाहीत. हिशेब २०२४ मध्ये सहा भागांच्या वेगळ्या मालिकेत मिटला. साडेपाच वर्षं थकलेली उधारी.

'द लेफ्टओव्हर्स'ने मात्र हॉटेलच्या वाऱ्या मोजून केल्या. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात केविनला गोळी लागते आणि तो पुन्हा त्याच टबात. या वेळी तो कपाटातून पोलिसाचा गणवेश घेतो, आणि सुटकेची अट म्हणजे लोकांसमोर कॅरिओकेवर गाणं. वाट्याला येतं सायमन आणि गारफंकलचं 'होमवर्ड बाउंड'. गळा नसलेला माणूस घरच्या ओढीचं गाणं अडखळत म्हणतो. आधी व्हर्डी, आता हे; विषय तोच, फक्त पहिल्या वेळी ते त्याच्या भोवती वाजत होतं, आता त्याच्या तोंडून निघतंय. पुनरावृत्ती करायची तर अशी: नियम तोच, निवड वेगळी.

तिसरी वारी २८ मे २०१७ ची, तिसऱ्या सीझनचा सातवा भाग, दिग्दर्शक पुन्हा झोबेल. केविन एकाच वेळी मारेकरीही आहे आणि राष्ट्राध्यक्षही. आरशात किंवा चकचकीत पृष्ठभागात पाहिलं की एकातून दुसऱ्यात जातो. अणुहल्ला सुरू करायची किल्ली त्याच्या जुळ्या भावाच्या हृदयापाशी शिवलेली आहे. ही कल्पना लेखकांच्या डोक्यातली नव्हे. हार्वर्डचे कायद्याचे प्राध्यापक रॉजर फिशर यांनी १९८१ मध्ये ती खरोखर मांडली होती: अणुहल्ल्याचा संकेत एका स्वयंसेवकाच्या हृदयाजवळ कुपीत ठेवावा आणि राष्ट्राध्यक्षाला तो हवा असेल तर त्याने स्वतः सुरी चालवून काढावा, म्हणजे लाखोंना मारण्याआधी एकाला मारणं म्हणजे काय ते कळेल. केविनला सुरी स्वतःवरच चालवावी लागते. तो क्षेपणास्त्रं सोडतो, ती जागा बेचिराख होते, आणि पुन्हा तिथे जाण्याची सोय उरत नाही. लेखकांनी आपला सगळ्यात लोकप्रिय खेळ स्वतःच्या हाताने मोडला, कारण चौथ्यांदा तोच टब दिसला असता तर मरणाला किंमत राहिली नसती.

फक्त हा एक भाग बघून काही हाती लागणार नाही. विहिरीतली पॅटी तेव्हा कोणीतरी अनोळखी बाई वाटेल. पूर्ण मालिका २८ भागांची आहे. तेवढी सवड नसेल तर पहिल्या सीझनचा पहिला, आठवा आणि दहावा भाग, मग दुसरा सीझन पहिल्यापासून दहाव्यापर्यंत न गाळता. एरिकाचा डबा पहिल्यातच आहे, तिथे मोबाइल खाली ठेवावा. तिसऱ्या सीझनचा सातवा भाग सुटा बघू नये. त्याच्या आधीचे सहा बघितलेले नसतील, तर जुळ्या भावाचा प्रसंग नुसता आचरटपणा वाटतो.